मेकॅनिकसमोर नीट चालणारा टीव्ही

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. कोपरखैरण्यातलं घर, २०१४ मध्ये घेतलेला ३२ इंची एलईडी टीव्ही. गेले तीन महिने तो कधी आपोआप बंद पडतो, तर कधी चित्र जातं आणि आवाज चालू राहतो. प्लग काढून पाच मिनिटांनी लावला की पुन्हा सुरू. दोन मेकॅनिक येऊन गेले आणि दोघांसमोर टीव्ही तासभर व्यवस्थित चालला. एक म्हणाला मेन बोर्ड बदलावा लागेल, दुसरा म्हणाला पॅनेल, म्हणजे पडदाच, गेलंय, नवीनच घ्या. घरात ७८ वर्षांचे वडील आहेत, त्यांना ऐकायला कमी येतं. दिवसभर ते एकटे असतात आणि त्यांचा हात याच रिमोटवर बसलाय, म्हणून टीव्ही बदलायचा नाही.

मी १९९६ पासून ठाण्यात टीव्ही दुरुस्त करतोय. पूर्ण बंद पडलेला सेट मला कधी जड गेला नाही. मीटर लावला की कुठे सप्लाय थांबलाय ते दिसतं. खरा कस लागतो तो अधूनमधून बिघडणाऱ्या सेटवर. बिघाड असतो, पण बघायला गेलं की नसतो. अशा वेळी अंदाजाने पार्ट बदलायला सुरुवात झाली की गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि बिघाड तिथेच राहतो. म्हणून तुम्हाला माझी पहिली विनंती ही की, बिघाड नक्की कोणत्या वेळी, कोणत्या परिस्थितीत येतो हे कळेपर्यंत कोणालाही काहीही बदलू देऊ नका.

मेकॅनिकसमोर टीव्ही नीट का चालतो, हे आधी समजून घ्या, म्हणजे त्या दोघांवरचा राग थोडा कमी होईल. मेकॅनिक आला की पहिलं काम म्हणजे सेट भिंतीवरून उतरवून पालथा ठेवायचा आणि मागचं झाकण उघडायचं. झाकण उघडलं की आतली कोंडलेली गरम हवा निघून जाते. घरी दोन तास चाललेल्या बंद सेटमध्ये जी उष्णता असते, ती टेबलावर उघड्या सेटमध्ये कधीच तयार होत नाही. शिवाय उभा सेट आडवा केला की बोर्डांवरचा ताण बदलतो आणि हलका तडा गेलेला एखादा सांधा पुन्हा टेकतो. म्हणजे तपासणीसाठी आपण जे करतो, त्यानेच बिघाड लपतो. हे माझ्या लक्षात यायला कितीतरी वर्षं गेली. आता असा सेट आला की मी तो झाकण न उघडता, उभा ठेवून, दुकानात दिवसभर चालवतो. तरी बिघाड आला नाही तर मागच्या जाळ्यांवर सुती कापड टाकून आत उष्णता वाढवतो. हे घरी करू नका. मी समोर बसलेला असतो म्हणून ते चालतं.

आता तुमच्या तक्रारीकडे येतो. ‘बंद पडतो’ हा शब्द लोक निदान पाच वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि प्रत्येकीचं कारण वेगळ्या ठिकाणी असतं. खालचा लाल दिवासुद्धा विझला असेल तर वीज सेटपर्यंत पोचत नाहीये किंवा आत वीज पुरवणाऱ्या सप्लाय बोर्डचा स्टँडबायचा, म्हणजे सेट बंद असतानाही जागा राहणारा, भागच बसलाय. दिवा लाल होऊन स्थिर राहिला तर सेटला बंद व्हायचा हुकूम मिळालाय, मग तो खराब बटणाकडून का असेना. दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबत असेल तर सेटने स्वतःला वाचवण्यासाठी बंद केलंय. ते लुकलुकणं मोजून ठेवा, बऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्या आकड्याचा अर्थ दिलेला असतो. कंपनीचं नाव झळकून सेट पुन्हापुन्हा नव्याने सुरू होत असेल तर मेन बोर्डवरचा सप्लाय किंवा मेमरी बघावी लागते. आणि आवाज चालू राहून पडदा काळा झाला असेल तर बहुतेक वेळा पडद्यामागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, गेलेला असतो.

तुम्ही दोन तक्रारी लिहिल्यात. मला शंका अशी येते की ती एकच तक्रार असावी. दिवसा वडील एकटे असताना पडदा काळा झाला आणि आवाज बारीक ठेवलेला असला, तर त्यांच्या दृष्टीने टीव्ही बंदच पडला. संध्याकाळी तुम्ही घरात असताना तेच घडलं की तुम्हाला आवाज ऐकू येतो आणि तुम्ही म्हणता चित्र गेलं. हा माझा तर्क आहे, तो खरा निघेलच असं नाही. पण तपासणं सोपं आहे. पुढच्या वेळी ‘बंद पडला’ असं कळलं की प्लगला हात लावण्याआधी आवाज वाढवून बघा, आणि खालचा दिवा कसा आहे ते बघा.

पडदा काळा आणि आवाज चालू असं दिसलं, तर लगेच खोली अंधारी करा आणि मोबाइलची टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, तिरकी धरा. नीट निरखून बघितलं तर काचेत पुसटशी हलणारी चित्रं दिसतील. मेनू उघडलात तर अक्षरं ओळखायला आणखी सोपी जातात. तशी दिसली तर पॅनेल जिवंत आहे, मेन बोर्ड चित्र पाठवतोय आणि फक्त मागचा उजेड विझलाय. म्हणजे ‘पॅनेल गेलं’ हे निदान तिथेच खोडलं जातं. अनुभवी माणूससुद्धा घाईत ही साधी चाचणी विसरतो.

बॅकलाइट असा येऊन-जाऊन का बिघडतो? पडद्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात आणि त्यातले दिवे गणपतीच्या मखराला लावतो त्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. माळेतला एक तुटला की सगळी माळ विझते. दहा-अकरा वर्षं तापून-थंड होऊन एखाद्या दिव्याच्या आतली केसाएवढी तार सुटत आलेली असते. थंड असताना ती टेकते, वीस-तीस मिनिटांत तापली की सुटते. बॅकलाइटला वीज देणारा ड्रायव्हर हा बदल ओळखतो आणि स्वतःला बंद करून कुलूप लावून घेतो. प्लग काढून पाच मिनिटं थांबलात की दोन गोष्टी होतात. दिवा थंड होऊन तार पुन्हा टेकते आणि ड्रायव्हरचं कुलूप निघतं. तुम्ही लिहिलेलं ‘पाच मिनिटांनी लावला की सुरू’ हे या चित्रात नेमकं बसतं, म्हणून माझा कल बॅकलाइटकडे आहे. पण नुसता कल म्हणजे निदान नव्हे. ड्रायव्हरच्या भागातला ड्राय सोल्डर, म्हणजे तडा गेलेला सांधा, किंवा थकलेला कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारा पार्ट, हेही अगदी हेच दाखवू शकतात.

याची घरगुती परीक्षा आहे. सेटिंगमध्ये जाऊन ‘बॅकलाइट’ निम्म्यावर आणा. ‘ब्राइटनेस’ नव्हे. बऱ्याच सेटमध्ये ब्राइटनेसने फक्त चित्रातला काळेपणा बदलतो, मागचे दिवे तसेच जळत राहतात. बॅकलाइटचा पर्याय सापडला नाही तर वीज वाचवण्याचा मोड लावा. आठवडाभर तसंच चालू द्या. दिवसाला दोनदा येणारा बिघाड आठवड्यातून एकदा यायला लागला, तर संशय पक्का होत जातो, आणि दुरुस्ती होईपर्यंत वडिलांची सोयही होते.

नोंदवही ठेवा. टीव्हीशेजारी एक कागद-पेन ठेवा आणि वडिलांना सांगा, चित्र गेलं की फक्त वेळ लिहायची. तुम्ही संध्याकाळी त्यापुढे बाकीचं लिहा: टीव्ही किती वेळापासून चालू होता, पंखा-एसी चालू होता का, बाहेर पाऊस होता का, सेट टॉप बॉक्स चालू होता की पेन ड्राइव्ह. शक्य झालं तर बिघाड आलेला असतानाचा व्हिडिओ काढा, त्यात खालचा दिवा दिसू द्या. चार-पाच नोंदी झाल्या की त्यांच्यात एक चाल दिसायला लागते, आणि मेकॅनिकला ती वही तासभराच्या तपासणीपेक्षा जास्त सांगते.

सकाळी पहिल्यांदा चालू करताना त्रास आणि एकदा सुरू झाला की दिवसभर ठीक, अशी चाल निघाली तर मी सप्लायचे कंडेन्सर बघतो. हे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर आतून ओले असतात आणि वर्षानुवर्षं उष्णतेने सुकत जातात. सुकलेला कंडेन्सर थंड असताना जास्त अडवतो, तापला की थोडा सैल होतो. वरचा टोपीचा भाग फुगलेला दिसला तर सोपं आहे, पण न फुगताही तो निकामी झालेला असतो. साध्या मीटरवर मायक्रोफॅरडचा, म्हणजे किती वीज साठते त्याचा, आकडा बरोबर येतो आणि आतला विरोध, ज्याला आम्ही ईएसआर म्हणतो, तो मात्र वाढलेला असतो. त्यासाठी ईएसआर मीटर लागतो. येणाऱ्या माणसाकडे तो आहे का, हे फोनवरच विचारा.

इथे एक हिशेब सांगतो, कारण तो तुमच्या पुढच्या टीव्हीलाही लागू पडेल. कंडेन्सरवर लिहिलेलं असतं १०५ अंश, आणि त्या तापमानाला त्याचं आयुष्य धरा २,००० तास. तापमान दर १० अंशांनी कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे आत ७५ अंश असेल तर १६,००० तास, रोज सहा तासांनी सात वर्षांहून थोडं जास्त. तेच ६५ अंशांवर ठेवलं तर ३२,००० तास, म्हणजे साडेचौदा वर्षं. सुताराकडून टीव्हीच्या मापाचं कपाट करून घेतात, तिन्ही बाजूंना प्लायवुड, वर सेट टॉप बॉक्स आणि राउटर. दिसायला छान, पण ते १० अंश तिथेच वाढतात. तुमचा सेट तशा खणात असेल तर आजच पुढे ओढा.

चालू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने बिघाड येतो अशी चाल असेल, तर एकतर बॅकलाइटचा दिवा, नाहीतर ड्राय सोल्डर. गरम होऊन प्रसरण पावणाऱ्या आणि जड पार्टांच्या पायांशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, हीट सिंकवरचा पार्ट, मोठे कनेक्टर यांच्याशी, सोल्डरमध्ये गोल बारीक तडा जातो. जुन्या पिक्चर ट्यूबच्या सेटना लोक वरून थाप मारायचे आणि चित्र यायचं, ते यामुळेच. थापेने तडा क्षणभर टेकायचा. पण सुटताना-टेकताना ठिणगी पडून तो सांधा आणखी जळायचा आणि महिन्याभरात सेट कायमचा बसायचा. तुमच्या टीव्हीला तर कृपा करून थाप मारूच नका, पॅनेलची काच तेवढाही धक्का सोसत नाही. दुकानात आम्ही हेअर ड्रायरने बोर्डचा एकेक भाग तापवतो आणि बिघाड आला की कोल्ड स्प्रेने एकेक पार्ट थंड करत जातो. ज्याला थंड केल्यावर चित्र परत येतं, तो गुन्हेगार.

पावसाळ्याची चाल वेगळीच असते आणि आपल्या भागात ती फार दिसते. खाडीकाठची दमट, खारी हवा बटणांच्या आत शिरते. ऐरोलीत खाडीकडे तोंड असलेल्या घरात एका जुलैत मला बोलावलं होतं. आवाज आपोआप वाढायचा, चॅनल बदलायचा, मधूनच सेट बंद. रिमोट बदलून झाला होता, सॉफ्टवेअर टाकून झालं होतं. बाजूच्या सगळ्या बटणांना मिळून बहुधा एकच तार असते आणि कोणतं बटण दाबलं हे सेट व्होल्टेजवरून ओळखतो. बटण आतून गंजून थोडी वीज झिरपवायला लागलं की सेटला वाटतं कोणीतरी बटण दाबलं. मी बटणांच्या छोट्या बोर्डची तार काढून ठेवली आणि सेट रिमोटवर चालवायला सांगितलं. आठवडाभर काही झालं नाही. मग चार बटणं बदलली, काही रुपयांची. तुमच्या वहीत ‘दिवा लाल, पावसाचा दिवस’ अशी नोंद दिसली तर मेकॅनिकला ही गोष्ट सांगा. उबेसाठी आत येणारी झुरळं आणि पालीही पावसाळ्यात सप्लाय बोर्डवर बरंच नुकसान करतात.

आता बाहेरच्या गोष्टी. खरं तर मी त्या आधी सांगायला हव्या होत्या, कारण त्या फुकटात तपासता येतात. टीव्हीचा प्लग ढिल्या एक्स्टेन्शन बोर्डमध्ये असेल तर तो काढून थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावा. पिन काळपट किंवा प्लॅस्टिक पिवळं पडलेलं दिसलं तर तो सॉकेट बदला. त्याच बोर्डवर फ्रिज असेल तर कॉम्प्रेसर सुरू होताना टीव्ही डचकतो का ते बघा. आणि दोन दिवस सेट टॉप बॉक्स न लावता पेन ड्राइव्हवरचं काहीतरी लावून ठेवा. आवाज-चित्र दोन्ही एकदम जात असेल आणि पेन ड्राइव्हवर ते होत नसेल, तर टीव्हीला दोष देऊ नका, बॉक्स, त्याचा अडॅप्टर आणि एचडीएमआय केबल बघा.

हे मी इतकं आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. वर्तकनगरच्या एका घरी मी असाच येऊन-जाऊन बिघडणारा सेट बघितला, घाई केली आणि मेन बोर्ड बदलला. आठ दिवसांनी तोच बिघाड. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा दोन तास बसून राहिलो, आणि माझ्यासमोर सेट टॉप बॉक्सचा दिवा विझून पुन्हा लागला. १२ व्होल्टचा अडॅप्टर तापला की बसत होता. मी बोर्डचे पैसे परत केले, पण त्या काकांना महिनाभर जो मनस्ताप झाला तो परत घेता आला नाही. तेव्हापासून बाहेरच्या वस्तू वेगळ्या केल्याशिवाय मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही.

तुम्ही स्वतः सेट उघडू नका, कोणी हौशी भाचा-पुतण्या तयार असला तरी. आपली २३० व्होल्टची वीज सप्लाय बोर्डवर आली की मोठ्या कंडेन्सरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठते, काही सेटमध्ये त्याहून जास्त, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथेच असते. पिक्चर ट्यूबचा जुना सेट कोणाकडे असेल तर त्याच्यापासून आणखी लांब राहा, तिथे ट्यूबवर हजारो व्होल्ट साठून राहतात.

टॉर्चच्या चाचणीत चित्रं दिसली आणि बॅकलाइटवर शिक्कामोर्तब झालं, तर काम कोणाला द्यायचं हे नीट ठरवा. पट्ट्यांपर्यंत पोचायला पॅनेल उघडून काच उचलावी लागते. काचेच्या कडेला कागदासारख्या पातळ रिबन असतात. त्यातली एक फाटली की पॅनेल खरोखरच गेलं. म्हणून ते काम घरी सोफ्यावर करू देऊ नका. ज्याच्याकडे मोठं सपाट टेबल आणि दुसरा माणूस आहे, त्याच्याच दुकानात होऊ द्या. काच फुटली तर जबाबदारी कोणाची, हे आधीच बोलून घ्या. खराब निघालेला एकच दिवा बदलून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. बाकीचे दिवेही तितकेच जुने आहेत आणि काही महिन्यांत पुढचा जाईल. सगळ्या पट्ट्या एकदम बदलायच्या, जुन्या पट्टीवर छापलेला नंबर, दिव्यांची संख्या आणि व्होल्टेज जुळवून. ड्रायव्हरच्या भागातले सांधे त्याच वेळी रिसोल्डर करून घ्या. नंतर बॅकलाइट कायम साठ-सत्तरच्या वर नेऊ नका.

खर्चाचं म्हणाल तर ते पट्ट्या मिळतात की नाही यावर आणि सेटच्या बाकी तब्येतीवर अवलंबून आहे. मी साधारण असं बघतो की तशाच आकाराच्या नव्या सेटच्या किमतीच्या एक तृतीयांशात काम होत असेल आणि पॅनेलवर रेघा नसतील तर दुरुस्ती करावी. उभ्या रेघा आलेल्या असतील आणि कडेला दाबल्यावर त्या कमी-जास्त होत असतील, तर मी स्वतः पैसे घालू नका असंच सांगेन.

राहिला मेन बोर्ड. पहिल्या मेकॅनिकने तो कशावरून ठरवला ते मला माहीत नाही, पण वडिलांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. अकरा वर्षं जुन्या सेटचा मूळ बोर्ड मिळाला नाही तर बाजारातला युनिव्हर्सल बोर्ड टाकतात. त्याने चित्र येतं, पण रिमोट बदलतो, मेनू बदलतो, चॅनल लावायची पद्धत बदलते. ज्या रिमोटसाठी तुम्ही हा टीव्ही जपताय तोच निरुपयोगी होतो. तेव्हा कोणी बोर्ड बदलायचं म्हटलं तर आधी विचारा, सध्याचाच रिमोट चालेल का. ‘नाही’ म्हणाले तर काढलेला जुना बोर्ड परत मागून घ्या. त्याच बोर्डवर दुरुस्ती करून देणारे लोक अजून आहेत.